काशाचा चेहरा आणि घोड्याची आयाळ : ग्रीक शिरस्त्राणांवरील अलंकरणाचा इतिहास

योद्ध्याचे डोके वाचवणे हे शिरस्त्राणाचे पहिले काम. तरीही ग्रीक जगात इ.स.पू. सोळाव्या शतकाच्या सुमारापासून इ.स.पू. दुसऱ्या शतकापर्यंत वापरात असलेली शिरस्त्राणे पाहिली, तर संरक्षणाला ज्यांचा फारसा उपयोग नाही, उलट ज्यांचे ओझे मानेला सोसावे लागते आणि ज्यांच्यामुळे शत्रूची नजर नेमकी त्याच माणसावर ठरते, अशा गोष्टींसाठी अतोनात श्रम आणि संपत्ती खर्ची पडलेली दिसते. रानडुकराचे सुळे, घोड्याच्या आयाळीचे तुरे, पत्र्यावर उठवलेले साप आणि चित्ते, बोकडाची व बैलाची शिंगे, पांढरीशुभ्र पिसे या सगळ्याला हौसेची शोभा म्हणून बाजूला सारता येत नाही. शिरस्त्राण माणसाचा चेहरा झाकते आणि त्याच वेळी दुरून दिसेल असे दुसरे रूप त्याला देते. झाकणे आणि दाखवणे यांतला तोल ज्या काळी ज्या बाजूला कलला, त्यावरून त्या काळच्या समाजाने योद्ध्याकडून काय मागितले होते, हे बऱ्याच स्पष्टपणे वाचता येते.

या इतिहासाच्या आरंभी धातू नाही, तर शिकार आहे. मायसिनी संस्कृतीतील, म्हणजे ट्रॉयच्या कथांमागे उभ्या असलेल्या कांस्ययुगीन ग्रीक संस्कृतीतील, उच्चकुलीन योद्धे रानडुकराच्या सुळ्यांचे शिरस्त्राण घालत. सुळे उभे चिरून त्यांच्या पातळ, किंचित वाकड्या पट्ट्या केल्या जात, प्रत्येक पट्टीला भोके पाडली जात आणि मग चामड्याच्या किंवा नमद्याच्या टोपीवर त्या ओळीने शिवल्या जात; एका ओळीतील पट्ट्यांचा बाक डावीकडे, तर पुढच्या ओळीतील उजवीकडे, अशी मांडणी असल्यामुळे दुरून पाहता टोपीवर पांढऱ्या लाटा एकीवर एक चढल्यासारख्या दिसत. एका शिरस्त्राणासाठी चाळीस-पन्नास रानडुकरे लागत असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रानडुकराची शिकार भाल्याने, जवळून आणि जिवावर उदार होऊन करावी लागे, हे लक्षात घेतले की असे शिरस्त्राण म्हणजे पराक्रमाचा डोक्यावर मिरवलेला हिशेबच होता, हे ध्यानात येते. थेरा बेटावरील अक्रोतिरी येथील भित्तिचित्रांत असे योद्धे रंगवलेले आहेत, आणि १९६० मध्ये अर्गोलिस प्रांतातील डेंड्रा येथे उघडलेल्या थडग्यात काशाच्या पत्र्यांच्या अवजड चिलखतासोबत अशा शिरस्त्राणाचे सुळेही सापडले.

होमरच्या ‘इलियड’ला आज ओळखतो तसे रूप येईपर्यंत, म्हणजे साधारण इ.स.पू. आठव्या शतकापर्यंत, ही शिरस्त्राणे वापरातून जाऊन कित्येक शतके लोटली होती. तरीही महाकाव्याच्या दहाव्या सर्गात त्यांतील एकाचे वर्णन इतके अचूक आहे की उत्खननात हाती आलेले अवशेष जुळवताना संशोधकांना त्याचाच आधार झाला. रात्रीच्या अंधारात शत्रूच्या छावणीत शिरण्यासाठी निघालेल्या ओडिसियसला मेरिओनेस हे शिरस्त्राण देतो, आणि कवी तेवढ्यावर न थांबता त्याची वंशावळच सांगतो: ऑटोलिकसने ते अमिंटरच्या घरातून चोरले, त्याने ते किथेरा बेटाच्या अँफिडामसला दिले, त्याने पाहुणचाराची भेट म्हणून मोलसला, आणि मोलसने आपल्या मुलाला, म्हणजे मेरिओनेसला. हा ऑटोलिकस ओडिसियसच्या आईचा बाप. त्याच्याच मुलांबरोबर पार्नासस पर्वतावर शिकारीला गेलेल्या तरुण ओडिसियसच्या मांडीवर रानडुकराने केलेला घाव पुढे ‘ओडिसी’मध्ये त्याची ओळख पटवणारी खूण ठरतो, त्यामुळे आजोबाने चोरलेले सुळ्यांचे शिरस्त्राण फिरून नातवाच्याच डोक्यावर येते, या योजनेत श्रोत्यांना बरेच काही ऐकू येत असले पाहिजे. शस्त्राला असा मालकांचा इतिहास चिकटलेला असे, आणि ते धारण करणारा आपल्याआधीच्या सगळ्यांचे नाव डोक्यावर वाहत असे.

त्याच प्रसंगातला आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. ओडिसियसचा सोबती डायोमिडीस याला बैलाच्या कातड्याची साधी टोपी दिली जाते आणि तिला तुरा नाही, हे कवी मुद्दाम नमूद करतो. लपून जाणाऱ्याला तुऱ्याचे काय काम? तुरा दिवसाउजेडी, समोरासमोरच्या लढाईसाठी होता, आणि त्याचे प्रयोजन भीती घालणे हेच होते. घोड्याच्या आयाळीचे किंवा शेपटीचे केस एका पन्हळीत घट्ट बसवून तो तयार होई; त्यामुळे माणसाची उंची वाढे आणि चालताना केस पुढे-मागे झुलत असल्यामुळे डोक्यावर काहीतरी जिवंत असल्याचा भास होई. ट्रॉयचा वीर हेक्टर रणांगणावर परत जाण्यापूर्वी आपल्या तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो, तेव्हा ते मूल काशाची चमक आणि वर डोलणारा तुरा पाहून दाईच्या कुशीत शिरते. आई-बाप हसतात, हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मगच मुलाला उचलून घेतो. शत्रूसाठी योजलेली भीती घरात कशी उतरते, हे साऱ्या ग्रीक साहित्यात इतक्या कमी शब्दांत क्वचितच कुणी दाखवले असेल. पुढे अपोलोच्या तडाख्याने पॅट्रोक्लसच्या डोक्यावरून अकिलीसचे शिरस्त्राण घरंगळत घोड्यांच्या टापांखाली जाते आणि त्याचा तुरा रक्ताने व धुळीने माखतो. तुरा मळणे ही माणूस पडण्याआधीची सूचना ठरते.

शिंगेही कांस्ययुगाच्या अखेरीस दिसतात. मायसिनी येथे श्लीमनला सापडलेल्या आणि आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात असलेल्या, इ.स.पू. बाराव्या शतकातील ‘योद्ध्यांच्या कलशा’वर एका मागोमाग चालणाऱ्या सैनिकांच्या शिरस्त्राणांना शिंगे आणि मागे लोंबणारे तुरे आहेत, आणि त्यांच्या मागे एक स्त्री निरोपाचा हात उंचावून उभी आहे. मायसिनी राजवाडे तोवर लयाला गेले होते, आणि त्यानंतर धातूच्या शिरस्त्राणांचा मागही बराच काळ पुसट होतो.

तो पुन्हा ठळक होतो अर्गोस येथे. १९५३ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पॉल कुर्बँ यांना तेथील एका थडग्यात इ.स.पू. ७२० च्या सुमाराचे काशाचे चिलखत आणि शंकूच्या आकाराचे शिरस्त्राण मिळाले, ज्याच्या माथ्यावर तुऱ्यासाठी चंद्रकोरीसारखी उंच बैठक आहे. अनेक तुकडे जोडून केलेले असल्यामुळे हे शिरस्त्राण सांध्यांवर कमकुवत होते, आणि लवकरच कोरिंथियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराने त्याला मागे टाकले. कोरिंथियन शिरस्त्राण काशाच्या, म्हणजे तांबे व कथील यांच्या मिश्रधातूच्या, एकाच पत्र्यापासून ठोकून काढले जाई. डोके, मान आणि गाल त्यात झाकले जात, मधोमध नाकपट्टी खाली उतरे आणि उघडे राहत ते फक्त डोळे व तोंडासमोरची अरुंद फट. असा पत्रा सलग ठोकत, पुन्हा पुन्हा तापवून मऊ करत, कपाळाला जाड आणि मागे पातळ ठेवण्याचे कसब हेच मुळात या शिरस्त्राणाचे सौंदर्य होते. ते घातल्यावर ऐकू कमी येई आणि बाजूचे दिसत नसे; पण समोरच्याला माणसाऐवजी भावनाहीन, बदामी डोळ्यांचा एक धातूचा मुखवटा दिसे. पुष्कळ शिरस्त्राणांवर भुवयांच्या जागी उठावाची कमान काढलेली आहे, कडेने टोकदार अवजाराने कमळ-पाकळ्यांची किंवा बारीक वेणीची नक्षी कोरलेली आहे, आणि एवढ्या थोड्या रेषांनी त्या मुखवट्याला कायमची रागीट नजर दिलेली आहे.

क्रीट बेटावर मात्र कारागिरांनी वेगळी वाट धरली, आणि अलंकरणाच्या दृष्टीने तीच सगळ्यांत समृद्ध आहे. अफ्राती या गावच्या परिसरातून आलेल्या, इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील चिलखतांच्या साठ्यातले एक शिरस्त्राण आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ते दोन अर्धुके जोडून केलेले आहे, आणि प्रत्येक बाजूला, पत्रा मागून ठोकून पुढे उठाव आणण्याच्या पद्धतीने, दोन पंखधारी तरुण समोरासमोर उभे केलेले आहेत. त्यांच्या हातांत एकमेकांत पिळलेले दोन साप आहेत, आणि त्यांच्या खाली दोन चित्ते असे जोडले आहेत की दोघांच्या धडांना मिळून समोर पाहणारे एकच डोके आहे. केसांच्या बटा, पंखांची पिसे, सापांवरचे खवले हे सगळे नंतर बारीक रेषांनी कोरलेले आहे. पूर्वेकडील, विशेषतः सिरिया व फिनिशियाच्या कारागिरीचा ठसा त्यावर स्पष्ट आहे; साप हाती धरून त्यांना वश करणारी आकृती पाहताना, जे घातक आहे तेच आपल्या बाजूने वळवून घेण्याची कल्पना कारागिराच्या मनात होती, असे मानायला जागा आहे. या शिरस्त्राणावर नेओपोलिस हे नाव कोरलेले आहे. त्याच साठ्यातील अन्य वस्तूंवर अमक्याने हे हस्तगत केले, अशा अर्थाचे लेख आहेत. म्हणजे सजवलेले शिरस्त्राण जिंकणे ही नाव कोरून सांगण्याजोगी गोष्ट होती आणि त्यावरचे साप-चित्ते नव्या मालकाच्या कीर्तीत भर घालत होते.

मुख्य भूमीवर असे वैभव विरळाच, आणि त्याचे कारण लढाईच्या पद्धतीत आहे. सातव्या शतकात नगरराज्यांमधील नागरिक स्वतःच्या खर्चाने ढाल, भाला व शिरस्त्राण घेऊन पायदळात उभे राहू लागले. या सैनिकाला हॉप्लाइट म्हणत, आणि ढालीला ढाल भिडवून उभ्या राहिलेल्या त्यांच्या दाट रांगांच्या व्यूहाला फॅलँक्स. रांगेत एकाने पुढे धावून नाव कमावणे म्हणजे शेजाऱ्याची उजवी बाजू उघडी टाकणे होते. अशा व्यवस्थेत चेहरा झाकणारे, एकसारखे दिसणारे शिरस्त्राण शोभून दिसले यात नवल नाही, आणि व्यक्तीची चिन्हे प्रामुख्याने ढालीकडे सरकली. ऑलिंपियाला मिळालेल्या अनेक शिरस्त्राणांवर तर तुरा बसवण्याची सोयच नाही. तरी तुरा नाहीसा झाला नाही: स्पार्टाचा कवी तिर्तेयस आपल्या युद्धगीतांत डोक्यावरचा तुरा भयंकर दिसेल असा हलवण्यास सांगतो, आणि लेस्बॉसचा अल्कायस घराच्या भिंतींवर टांगलेल्या शस्त्रांत पांढऱ्या तुऱ्यांचा आवर्जून उल्लेख करतो. तुरा सहसा कपाळाकडून मानेकडे जाई. पण अमेरिकेतील हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ ॲथिनियम संग्रहालयात असलेल्या, इ.स.पू. ५०० च्या सुमाराच्या काशाच्या छोट्या मूर्तीत अंगभर झगा लपेटून उभ्या असलेल्या स्पार्टन योद्ध्याचा तुरा एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे आडवा गेलेला आहे. हिरोडोटसने शिरस्त्राणांवर तुरे लावण्याची पद्धत ग्रीकांनी कॅरियन लोकांकडून, म्हणजे आशिया मायनरच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या लोकांकडून घेतली, असे नोंदवले आहे. ग्रीकांना स्वतःलाही हा अलंकार परका पण आपलासा केलेला वाटत होता, एवढे त्यावरून नक्की समजते.

लढाईनंतर ही शिरस्त्राणे देवाच्या दारी जात. ऑलिंपिया येथे झ्यूसच्या पवित्र आवारात जर्मन उत्खननांतून, जी १८७५ मध्ये सुरू झाली, शेकडो शिरस्त्राणे हाती आली. त्यांपैकी पुष्कळांच्या गालपट्ट्या मुद्दाम बाहेर वाकवलेल्या आहेत, जेणेकरून देवाला दिलेली वस्तू पुन्हा कोणाच्या डोक्यावर चढू नये. येथे अलंकरणाची जागा अक्षरांनी घेतली. मॅरेथॉनचा विजेता मिल्टियाडीस याचे नाव असलेले शिरस्त्राण अगदी साधे आहे; त्याच्या कडेवर, मिल्टियाडीसने हे झ्यूसला वाहिले, एवढेच कोरलेले आहे. त्याच आवारात शंकूच्या आकाराचे एक पौर्वात्य शिरस्त्राण मिळाले, ज्यावर अथेन्सवासीयांनी ते मीड लोकांकडून, म्हणजे पर्शियनांकडून, घेतल्याचे सांगितले आहे. इ.स.पू. ४७४ मध्ये इटलीतील क्यूमे येथे एट्रुस्कन आरमाराचा पराभव केल्यावर सिराक्यूजचा शासक हिएरॉन याने लुटीतली शिरस्त्राणे ऑलिंपियाला पाठवली. त्यांपैकी १८१७ मध्ये सापडलेले एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि त्यावर दात्याचे, त्याच्या नगराचे, देवाचे व लढाईच्या ठिकाणाचे नाव आहे. योद्ध्याला दुरून ओळखू येण्यासाठी तुरा लागे. देवाला आणि पुढच्या पिढ्यांना ओळखू येण्यासाठी हा लेख पुरे होता.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अथेन्स व स्पार्टा यांच्यातील प्रदीर्घ युद्धाने थकलेल्या अथेन्समध्ये, तुऱ्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली. ॲरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. ४२५ मधील ‘आकार्नियन्स’ या प्रहसनात सेनापती लॅमॅकस भल्याथोरल्या तुऱ्यासह येतो आणि शांतता हवी असलेला शेतकरी ओकारी काढायला त्याच्या शिरस्त्राणावरचे पीस मागतो. चार वर्षांनी, तहाच्या उंबरठ्यावर रंगभूमीवर आलेल्या ‘शांतता’ या नाटकात धंदा बुडालेला तुरे बनवणारा कारागीर आपला माल विकायला येतो. नायक तुऱ्याने जेवणाचे मेज पुसायचे म्हणून थोड्या सुक्या अंजिरांना तो घ्यायला तयार होतो आणि केस गळतात असे पाहून परत करतो, तर शिरस्त्राण विकणाऱ्याला तो रेचक मोजण्याचे माप म्हणून ते इजिप्तमध्ये विकण्याचा सल्ला देतो. ज्या नगराने आपली मुले वर्षानुवर्षे रणांगणावर पाठवली, त्याच्याच नागरिकांसमोर हे नाटक होत होते, हे विसरता कामा नये. त्या हसण्यामागे भीती घालणाऱ्या चिन्हांचा आलेला वीट होता.

त्याच अथेन्सने मात्र देवीच्या शिरस्त्राणावर काही कमी ठेवले नाही. इ.स.पू. ४३८ मध्ये पार्थेनॉनमध्ये प्रतिष्ठापना झालेल्या, फिडियसने सोने व हस्तिदंत यांत घडवलेल्या अथीनेच्या मूर्तीच्या शिरस्त्राणावर, पॉसेनियस या प्रवाशाने लिहून ठेवल्याप्रमाणे, मधोमध स्फिंक्स आणि दोन्ही बाजूंना ग्रिफिन, म्हणजे गरुडाचे डोके व सिंहाचे धड असलेले प्राणी होते. ज्या चिन्हांचा भार माणसाने सोसू नये, ती देवीला शोभत. माणसाच्या बाबतीत संयम होता: पेरिक्लीसच्या अर्धपुतळ्यांत कोरिंथियन शिरस्त्राण कपाळावरून मागे सारलेले आहे, चेहरा पूर्ण उघडा आहे आणि शिरस्त्राणाचा अर्थ सेनापतिपदाची खूण एवढाच उरलेला आहे. प्लुटार्कच्या मते शिल्पकारांना त्याचे लांबोडके डोके झाकायचे होते. प्रत्यक्ष रणांगणावर तोवर चेहरा मोकळा ठेवणारी शिरस्त्राणे रूढ होत होती, आणि झेनोफोनने घोडेस्वारासाठी बोयोशियन शिरस्त्राणाची, म्हणजे कडा खाली उतरत्या असलेल्या टोपीसारख्या प्रकाराची, शिफारस केली ती नजरेला अडथळा होत नाही या व्यावहारिक कारणानेच.

व्यक्तीला ओळखू येण्याची गरज पुन्हा उभी राहिली ती मॅसिडोनियाच्या राजांमुळे. इ.स.पू. ३३४ मध्ये ग्रॅनिकस नदीच्या लढाईत अलेक्झांडरच्या तुऱ्याच्या दोन्ही बाजूंना विलक्षण मोठी आणि पांढरी पिसे होती, असे प्लुटार्क सांगतो, आणि त्यामुळेच पर्शियन सरदार त्याच्यावर तुटून पडले. स्पिथ्रिडेटीसच्या कुऱ्हाडीने तुरा व त्यातले एक पीस उडाले, पाते केसांपर्यंत पोहोचले, आणि दुसरा वार होण्याआधी क्लायटसने हल्लेखोराला भोसकले म्हणून राजा वाचला. राजा सैन्याला दिसला पाहिजे, आणि जो सैन्याला दिसतो तो शत्रूलाही दिसतो, हा पेच त्या पिसांत होता. १९७७ मध्ये व्हर्जिना येथे मानोलिस आंद्रोनिकोस यांनी उघडलेल्या राजघराण्याच्या थडग्यातील लोखंडी शिरस्त्राणाच्या कपाळावर अथीनेचे उठावाचे मुख आहे. देवीचे संरक्षण आता नगराऐवजी एका राजाच्या डोक्यावर होते.

एपिरसचा राजा पिऱ्हस याच्या आयुष्यात हा पेच पुरता उघड झाला. त्याच्या शिरस्त्राणावर उंच तुरा आणि बोकडाची शिंगे होती. इ.स.पू. २८८ च्या सुमारास मॅसिडोनियाचा राजा डेमेट्रियस याचे सैनिक फितून पिऱ्हसकडे येऊ लागले, तेव्हा त्याने शिरस्त्राण काढलेले असल्यामुळे तो ओळखू येईना. त्याने ते पुन्हा चढवले आणि शिंगे दिसताच सैनिक त्याच्याभोवती जमा झाले. आठ वर्षांनी, इटलीत हेराक्लिया येथे रोमन सैन्याशी लढताना त्याने आपला झगा आणि शस्त्रे मेगाक्लीस या सोबत्याला घालायला दिली. मेगाक्लीस मारला गेला, त्याचे शिरस्त्राण व झगा रोमन सेनापती लेविनसकडे नेऊन रांगांपुढे मिरवण्यात आले, रोमनांनी जयघोष केला आणि ग्रीकांचा धीर सुटू लागला. तेव्हा पिऱ्हसला उघड्या चेहऱ्याने, हात पुढे करत, आवाजावरून ओळख पटवत सैन्यासमोरून घोडा दौडवावा लागला. आठ वर्षांपूर्वी ज्या शिरस्त्राणाने राजाची ओळख पटवली, तेच आता दुसऱ्याच्या प्रेतावरून निघून राजाच्या मृत्यूची खोटी बातमी देत होते.

यानंतर शिरस्त्राणाने राजाची ओळख सर्वांत दूरवर नेली ती नाण्यांवरून. अलेक्झांडरचा सेनापती असलेल्या आणि पुढे राजा झालेल्या सेल्युकसच्या, सुसा येथे पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवरील मुखाला, जे काही अभ्यासक त्याचेच मानतात, चित्त्याच्या कातड्याने मढवलेले आणि बैलाचे शिंग व कान लावलेले शिरस्त्राण आहे. अलेक्झांडरच्या यज्ञातून सुटलेला बैल सेल्युकसने एकट्याने, नुसत्या हातांनी धरला म्हणून त्याच्या पुतळ्यांना शिंगे लावली जात, असे अप्पियन हा इतिहासकार सांगतो. शतकाहून अधिक काळानंतर बॅक्ट्रियाचा राजा युक्रेटिडीस याने हेच बैलाचे शिंग आणि कान बोयोशियन धर्तीच्या शिरस्त्राणावर घेतले. बुखारा येथे सापडलेल्या, सुमारे १६९ ग्रॅम वजनाच्या आणि आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेल्या त्याच्या सोन्याच्या नाण्यावर ते स्पष्ट दिसते. हिंदुकुश ओलांडून भारतीय प्रदेशात आल्यावर त्याने तांब्याची चौकोनी नाणी पाडली, एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत मजकूर असलेली. बाजारात रोजच्या देवघेवीला चालणाऱ्या या नाण्यांवरही राजाचे मुख शिरस्त्राणासहच आहे, आणि बौद्ध परंपरेत मिलिंद म्हणून ठाऊक असलेल्या मिनँडरच्या काही नाण्यांवरही राजा शिरस्त्राण घालूनच दिसतो. दोन्हींपैकी एकही लिपी न वाचता येणाऱ्या माणसालाही त्यावरून नाणे पाडणारा युद्ध जिंकणारा यवन, म्हणजे ग्रीक, राजा आहे, हे कळत होते.